न पुसलेली नळी

आज काकांनी नळी पुसली नाही. माझ्या ओठांतून सुटलेली नळी त्यांनी तशीच, ओलसर, आपल्या तोंडाला लावली, गाल फुगवले आणि साच्यात फुंक मारली. बरणीने आकार धरला, नारिंगी काच हळूहळू लालसर झाली, आणि पुढे सगळं रोजच्यासारखंच चाललं. कुणी ओरडलं नाही, छत कोसळलं नाही. मी भट्टीकडे वळलो, दुसरी नळी उचलली, तेव्हा कळलं की माझे हात गार पडलेत. जिथे उभं राहिलं की भुवया होरपळतात, तिथे माझे हात गार! हसावं की रडावं तेच कळेना. मागून काकांचा आवाज आला, "सुटलो बाबा एकदाचा त्या फडक्यातून. तोंडाला नुसती साबणाची चव येत होती इतके दिवस." आणि ते खुशीत हसले. मीही हसलो. हसायला काय जातंय.

आमच्या कारखान्यात अजून तोंडाने काच फुगवतात. मोठ्या बरण्या, दिव्यांच्या हंड्या, प्रयोगशाळेतली पोटफुगी भांडी. एका भट्टीवर तिघांची टोळी. मी पहिला. वितळलेली काच लांब लोखंडी नळीच्या टोकाला गुंडाळून काढायची, पत्र्यावर लोळवून सारखी करायची आणि पहिली फुंक मारायची, म्हणजे आत लिंबाएवढी पोकळी होते. की लगेच नळी काकांकडे. ते ती साच्यात सोडून भांडं पुरतं फुगवतात. मग तिसरा भांडं नळीपासून सोडवतो. त्याला आम्ही चिमटा म्हणतो, एक तर दिवसभर त्याच्या हातात चिमटा असतो आणि दुसरं म्हणजे बोलतोही तसाच. नळी अशी माझ्या तोंडातून काकांच्या तोंडात जाते, दिवसभर, आणि मध्ये श्वास टाकायलाही वेळ नसतो, कारण काच कुणासाठी थांबत नाही. जरा इकडेतिकडे बघितलंत की ती लोंबते आणि वाया जाते. म्हणून आमच्यात नळी कधी कुणी पुसत नाही. नवा होतो तेव्हा मी एकदा बाहीने पुसली होती. काकांनी काम थांबवून सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय रे, आम्ही काय गटारातनं आलोय?" तेव्हापासून मी त्यांच्या थुंकीला कधी नाक मुरडलं नाही, त्यांनी माझ्या नाही. सर्दी झाली तर तिघांना एकदम व्हायची. चिमटा म्हणायचा, आपलं लग्नच लागलंय एकमेकांशी, फक्त जेवणावळ राहिली. काकांना सगळे भातेकाका म्हणतात, त्यांच्या छातीच्या भात्यावरून. नव्या माणसांना ते आडनावच वाटतं आणि ते पगाराच्या खिडकीवर जाऊन भाते भाते करत त्यांना शोधतात.

मग साथ आली. कारखाना बंद पडला, पुन्हा सुरू झाला. पहिल्याच दिवशी काकांच्या खांद्यावर साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेलं पांढरं फडकं होतं. माझ्याकडून नळी घेतली, फडक्याने तोंड पुसलं, मग फुंकली. आम्ही बघतच राहिलो. ज्या माणसाने मला त्या एका पुसण्यावरून जन्माचं शिकवलं तो माणूस! त्यांचे कान लाल झाले होते. दुपारी ते स्वतःहून म्हणाले, "माझ्यासाठी नाही रे. पोरीसाठी." त्यांच्या मुलीचं मूत्रपिंड बदललंय. परक्याचं मूत्रपिंड शरीराने हाकलून देऊ नये म्हणून तिला जी औषधं देतात, ती तिची रोगाशी लढायची ताकदच काढून घेतात. लस तिला दिलीय, पण डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगी ती किती लागेल सांगता येत नाही, हिच्या भोवतीच्या माणसांनी घ्या, तीच हिची लस. म्हणून काका बाहेरच्या खोलीत झोपत, बाहेरच जेवत, आणि पोर आत. मधल्या दारात उभं राहून बोलायचं. बायको आधीच गेलेली. घरात दोनच माणसं आणि त्यांच्यात एक दार. हे सांगताना ते फडकं घडी करत होते, उलगडत होते, पुन्हा घडी करत होते.

लस निघाल्यावर काकांनी पहिल्या झटक्यात घेतली. मग चिमट्याने. मालकाने सक्ती केली नाही, पण सक्ती करायला मालकच लागतो असं थोडंच आहे. पॅकिंगला एक माणूस आहे, त्याने छातीठोक सांगितलं, मी घेणार नाही, माझं शरीर, माझी मर्जी. झालं. आता तो खोक्यांच्या ढिगाशी एकटा जेवतो. त्याचा चहाचा कप वेगळा खिळ्याला टांगलेला असतो. तो आला की बोलणारे गप्प होतात. त्याच्या मुलीचा साखरपुडा मोडला असंही म्हणतात, खरंखोटं देव जाणे. मी त्याला खोक्यांशी बसून डब्यात बोटं फिरवताना बघितलंय आणि माझ्या अंगावर काटा आलाय. तरी त्याच्याकडे निदान एक मत होतं. भांडता येईल असं काहीतरी. माझ्याकडे मत वगैरे काही नाही. लस चांगली आहे, मला पटतं, कुणीही विचारलं तर मी पटवूनही देईन. मला फक्त भीती वाटते.

ही भीती कुणाला सांगायची सोय नाही. भट्टीपाशी काम करणारा, हातावर भाजल्याचे डाग मिरवणारा बाप्या सुईला घाबरतो, हे ऐकून चिमटा वर्षभर पुरवून पुरवून हसला असता. पण सुई टोचण्याची नाही ही भीती. लहानपणी एकदा धाकटी बहीण तापली होती. आईने मला सांगितलं, हिचा हात धर, हलू देऊ नकोस. दवाखान्यातलं ते रेक्झिनचं बाकडं, त्याच्या फाटक्या कोपऱ्यातून काथ्या बाहेर आलेला, आणि तिचा तो गरम, बारीक दंड. मी घट्ट धरला. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, कापूस दाबला, म्हणाले, शहाणी मुलगी. ती रडलीसुद्धा नाही. उठून बसली, म्हणाली, "दादा, मला खाज येतेय." आणि मग तिचे ओठ सुजायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर. डॉक्टर धावले, काहीतरी दुसरं टोचलं, आई ओरडत होती, आणि मी अजून तिचा दंड धरून होतो, कारण सोड असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते लसीचं इंजेक्शन नव्हतं. औषध होतं, तिला ते सोसलं नाही, ती गेली, लाखात एखाद्याला होतं असं. हे सगळं मला ठाऊक आहे. पण कापसावरच्या स्पिरिटचा वास आला की माझे ओठ जड होतात, आणि माझं ठाऊक असणं कुठल्या कुठे जातं.

बायकोबरोबर मी लसकेंद्रावर गेलो होतो. शाळेचा हॉल, निळ्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक माणूस बाही वर करून बसलेला. बायको माझ्या पुढे होती. तिचं झालं, दंड चोळत ती माझ्याकडे बघून हसली आणि बाहेर थांबायच्या खोलीत गेली. परिचारिकेने मला हाक मारली, "या, बसा." मी म्हटलं, लघवीला जाऊन येतो. आणि मागच्या दाराने, मुलांच्या सायकलींच्या स्टँडमधून, चक्क पळालो. घाम पुसला, फाटक फिरून पुढच्या बाजूने आलो, बायकोपुढे दंड धरून उभा राहिलो. "झालं?" "झालं." इतकंच. खोटं बोलायला काही मोठी तयारी लागत नाही. घरी तिने मला बादली उचलू दिली नाही, म्हणाली, आज हाताला आराम द्या. मी आराम दिला. सोफ्यावर पडून छताकडे बघत आराम दिला, आणि आतून वाटत होतं की कुणीतरी दार वाजवेल, म्हणेल, तुमची खुर्ची रिकामी राहिली.

आज सकाळी कपडे बदलताना काकांनी सहज विचारलं, "काय रे, परवा जाणार होतास ना? घेतलीस?" मी शर्टाच्या गुंड्या सोडत होतो. वर बघितलं असतं तर कदाचित खरं बोललो असतो. "हो." "दोघांनीही?" "हो." बस्स, एवढ्या बोलण्यावर त्यांनी ते पांढरं फडकं पिळून लॉकरच्या कडीला टांगलं आणि भट्टीकडे चालायला लागले. ना पुरावा मागितला, ना दंड बघितला. मला वाटलं होतं, राहू दे, सवयीने पुसतील अजून काही दिवस, मी तोवर धीर करून जाऊन येईन. पुसतीलच. पण त्यांनी पुसली नाही.

मग माझा घसा खवखवायला लागला. भट्टीपाशी घसा नेहमीच खवखवतो, हवा कोरडी, धूळ, सोड्याची पूड. पण आज मी प्रत्येक आवंढा मोजून गिळत होतो. ही नेहमीचीच खवखव की दुसरी? उजवीकडे जास्त आहे का? काल होती का? फुंक मारताना मी हात राखून मारायला लागलो, जेमतेम पोकळी होईल एवढीच, की आपला श्वास नळीत कमी जावा. मूर्खपणाच. कमी फुंकलेली काच एका बाजूला जाड राहते आणि साच्यात वाकडी फुगते. काकांनी एक बरणी उजेडाला धरली, म्हणाले, "आज छातीत जोर नाही तुझ्या. लसीचं असेल. ताप आला होता का रात्री?" मी म्हटलं, थोडा. ते म्हणाले, "असू दे, असू दे. दम खात कर. मी सांभाळतो पुढचं." आणि माझ्या वाट्याची फुंकही त्यांनीच मारली, माझीच नळी तोंडात घेऊन, डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या शेजारी येऊन बसले. खूप दिवसांनी. तोंडावर कापड नाही, काही नाही, खांद्याला खांदा. पलीकडे पॅकिंगवाला खोक्यांशी एकटा. काकांनी पोरीला फोन लावला आणि चित्र दिसेल असा माझ्यासमोर धरला. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. गोल चेहरा, औषधांनी सुजलेला, आणि त्यात खट्याळ डोळे. "दादा, थँक्यू हं!" ती म्हणाली. "बाबांनी सकाळीच सांगितलं. टोळीत तुम्हीच शेवटचे राहिला होतात. मी रोज विचारायचे, झालं का त्यांचं, झालं का त्यांचं." मी म्हटलं, त्यात काय एवढं. "एवढंच? अहो, आज बाबा आत जेवायला बसणार आहेत. माझ्या शेजारी. मी टेबल ओढून ठेवलंय. त्यांना सांगू नका, पण मला त्यांचं मचमच करणंसुद्धा आठवतं हो." काका बाजूने ओरडले, "ऐकतोय मी सगळं, भवाने!" आणि दोघं बापलेक हसत सुटले. मी तिच्या ओठांकडे बघत होतो. आजारपणाने ते आधीच किंचित सुजल्यासारखे दिसत होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण चिमटा आला, त्याने पॅकिंगवाल्याकडे हनुवटी करून काहीतरी टोमणा मारला, सगळे हसले, काकाही हसले, आणि मला ते खोक्यांचं कोपऱ्यातलं बसणं दिसलं, तिथे आपण. म्हटलं, घसा तर नेहमीसारखाच आहे. मला काही झालेलंच नाही, तर देणार काय? संध्याकाळी जाताना वाटेत घेऊन टाकू. सरळ केंद्रावर. मग खोटं खोटं राहणारच नाही. अशी स्वतःची समजूत घालत मी हात धुतले, आणि तेवढ्यात खिशात फोन थरथरला. बायको होती. लिहिलं होतं, माझ्या भावाला लागण झालीय, आत्ता कळलं, रविवारी आपण एका ताटात जेवलो, घाबरू नका, आपली लस झालीय ते बरं झालं.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. एका ताटात. मेहुणा खोकत होता, मी त्याच्या पाठीवर थापही मारली होती. भोंगा झाला. मी भट्टीकडे गेलो, कारण पाय तिकडेच जातात. नळी घेतली, काच काढली, लोळवली, फुंकली आणि दिली. दिली! काकांनी घेतली आणि ओठांना लावली. मी बघत राहिलो, त्यांचे ओठ, नळीचं तोंड, मध्ये काहीही नाही. आता बोल, मी स्वतःला म्हणालो. आता. आणि पुन्हा काच काढली, लोळवली, फुंकली, दिली. पुन्हा. माझ्या कानांत नुसता भट्टीचा घोंगावा आणि त्यात तिचं ते, टेबल ओढून ठेवलंय. घशात काहीतरी अडकलं होतं, ते आजाराचं की भीतीचं मला आता समजत नव्हतं. सुईची भीती, चिमट्याची भीती, बायकोची, खोक्यांची, आणि या सगळ्यांवर बसलेली ही नवीच, की माझ्या छातीतून जी हवा जातेय ती संध्याकाळी एका टेबलापाशी जाऊन बसणार आहे.

पुढची काच काढली. फुंकली. काकांनी हात पुढे केला, नेहमीसारखा, न बघता. मी नळी सोडली नाही. त्यांनी ओढली, मी सोडेना. "अरे, दे की!" काच लोंबायला लागली, मधासारखी, सावकाश. "दे, काय करतोस, दे!" चिमटा त्याच्या जागेवरून ओरडला, "गेली, गेली!" आणि ती गेली, आमच्या दोघांच्या पायांमध्ये फरशीवर पडली, पसरली, काळी पडत तडतडली. इतक्या वर्षांत माझ्या हातून हातातली काच पडली नव्हती. काका माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, काळजीने. त्यांना वाटलं, मला भोवळ आलीय. त्यांनी माझा दंड धरला.

"काका, मी नाही घेतलेली."

"काय नाही घेतलेलं?"

"लस. पळून आलो मी. आणि मेहुण्याला लागण झालीय. मी रविवारी त्याच्याबरोबर जेवलोय."

त्यांनी माझा दंड सोडला. एक पाऊल मागे गेले, मग आणखी एक, आणि तोंडावर हात धरला. मग नळाकडे धावले. तो छातीचा भाता असलेला माणूस वाकून चुळा भरत होता, पुन्हा पुन्हा, घशात बोटं घालत होता, ओकाऱ्या काढत होता, जणू सकाळपासून प्यालेली माझी सगळी हवा बाहेर काढता येईल. चिमटा हातातलं हत्यार टाकून उभा राहिला. मला वाटलं, आता मारणार. पण त्याने नुसती शिवी घातली, तीही अर्धवट, आणि माझ्यापासून लांब सरकून भिंतीला टेकला. त्याच्याही तोंडाला त्याच नळ्या लागत होत्या अधूनमधून. तोही घाबरला होता. मी पहिल्यांदाच चिमट्याला घाबरलेला पाहिला.

काका वळले तेव्हा त्यांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. "का?" ते म्हणाले. मी बहिणीचं सांगितलं. बाकडं, दंड, ओठ. आयुष्यात कुणाला नीट सांगितलं नव्हतं ते भट्टीच्या आवाजावर आवाज काढून, ओरडून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मग हेच सांगायचं ना रे, गाढवा. सकाळी. मला भीती वाटते, नाही घेतली. मी नळी पुसून घेतली असती. रोज पुसतच होतो की." त्यांचा आवाज फाटला. "तुला वाटलं, मी तुला खोक्यांपाशी बसवला असता?"

मला तेच वाटलं होतं.

ते बाहेर फाटकापाशी गेले. मी मागे गेलो, लांब अंतर ठेवून. त्यांनी फोन कानाला लावला, घसा साफ केला, आणि आवाजात एकदम हसू आणलं. "हां, बाळा. अगं, माझं पान वाढू नकोस आज. नाही, नाही, काही झालं नाही. भट्टीचं काम निघालंय मोठं, इथेच मुक्काम. दहा-पंधरा दिवस तरी. हो, मालकाच्या जागेत. कळतंय गं मला, टेबल ओढलंस ते. राहू दे तसंच, सरकवू नकोस परत." मग ते बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. डोळे मिटलेले. "हो, आहे इथेच. बरा आहे. सांगतो."

फोन खिशात ठेवून ते फाटकाच्या कठड्यावर बसले. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "ती म्हणते, दादांना सांगा, हात दुखत असेल तर चोळू नका. गार पाण्याची पट्टी ठेवा, उतरतं."

"बरं," मी म्हणालो.